खाडीच्या खेकड्यांची जात ओळखण्याविषयी

जोंधळ्याचे बी पेरण्यापूर्वी आपला शेतकरी ते मुठीत घेऊन पाहतो, दाताखाली धरून पाहतो, आणि ते कोणाच्या खळ्यातले आहे हेही विचारून घेतो. उसाची कांडी लावण्यापूर्वी तिचा डोळा शाबूत आहे की नाही हे तो तपासतो. म्हैस विकत घ्यावयाची तर चार गावांच्या जाणत्या माणसांस घेऊन जातो. परंतु हाच चौकस मनुष्य खाडीच्या खेकड्यांची पिल्ले विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. खेकडा म्हणजे खेकडा, त्यात जात ती काय पाहावयाची, अशी त्याची समजूत असते. या समजुतीची परीक्षा सहा-आठ महिन्यांनी होते. पण तोपर्यंत कुंपणाचा, खाद्याचा आणि मजुरीचा पैसा खर्ची पडलेला असतो.

कोल्हापूरच्या शेतकऱ्यांच्या मासिकात खाडीच्या प्राण्यास जागा कशाकरिता, असे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, घाट हा नकाशावर जेवढा मोठा दिसतो तेवढा व्यवहारात नाही. गगनबावडा, आजरा, चंदगड या भागांतील अनेक घरांचे सोयरसंबंध घाटाखाली आहेत. काहींची वडिलोपार्जित खाजणजमीनही तेथे पडून आहे. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला की वैभववाडी, आणि पुढे खारेपाटणाची खाडी. त्या वाटेने खेकडे वर येतात आणि आमच्या बाजारात विकले जातात. शिवाय महाराष्ट्राच्या वनखात्याने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि त्यानंतर सिंधुदुर्गाच्या खाड्यांतून बचत गटांच्या हाती खेकडेपालनाचा उद्योग देण्याचे प्रयत्न झाले. हे ऐकून आपल्याकडील काही तरुणांच्या मनातही हा धंदा करावा असे येणे साहजिक आहे. त्यांच्या हाती निदान जात ओळखण्याचे ज्ञान तरी असावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक मोठा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या शेतातील खेकडा आणि खाडीचा खेकडा हे एकाच प्राण्याचे लहानमोठे नमुने नव्हेत. मृगाच्या पहिल्या पावसात बिळातून बाहेर येतो, ज्यास पोरे रात्री दिवट्या घेऊन धरतात, आणि जो भाताच्या खाचरांचे बांध पोखरतो, तो गोड्या पाण्याचा खेकडा होय. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पठारावरून गोळा केलेल्या अशाच एका खेकड्यास वेस्टवूड यांनी १८३६ साली शास्त्रीय नाव दिले. त्यास आज बॅरिटेलफुसा कुनिक्युलारिस म्हणतात. याची मादी अंडी आपल्या पोटाखालच्या झडपेत धरून ठेवते, आणि त्यांतून थेट लहान लहान खेकडेच बाहेर पडतात. त्यास समुद्राची गरज मुळीच नसते.

खाडीच्या खेकड्याची गोष्ट अगदी निराळी आहे. कोकणात त्यास कुर्ली म्हणतात, मुंबईकडील कोळी बांधव चिंबोरी म्हणतात. त्याच्या पायांची शेवटची जोडी पाहावी. ती टोकदार नसून वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी असते, कारण तो पोहणारा प्राणी आहे. पाठीच्या कवचाच्या पुढील कडेस, डोळ्यांपासून दोन्ही बाजूंस करवतीसारखे नऊ-नऊ दाते असतात. मादी अंडी सोडण्याकरिता खाडीतून समुद्रात जाते. एका मादीची अंडी लाखांनी मोजावी लागतात. आणि त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव अनेक रूपे पालटून मग खेकड्याच्या आकारास येतात. म्हणून तळ्यात नर-मादी सोडून पिल्ले मिळतील ही आशा कोणी धरू नये. पिल्ले एक तर खाडीतून धरून आणावी लागतात, अथवा समुद्राचे पाणी खेळविणाऱ्या उबवणी केंद्रातून घ्यावी लागतात.

हा भेद सामान्य बोलण्यात किती सहज विसरला जातो हे २०१९ साली दिसून आले. त्या वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून अनेकांचे प्राण गेले. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला, आणि त्यावर राज्यभर वाद माजला. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. मात्र त्या दिवसांत बाजारातील कुर्लीकडे बोट दाखवून हीच ती धरण फोडणारी, असे म्हणणारे लोक आम्ही ऐकले. मातीच्या धरणाच्या गोड्या पाण्यात जो खेकडा राहतो त्याचा आणि खाडीच्या कुर्लीचा काहीएक संबंध नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीही नव्हती.

आता मुख्य विषयाकडे वळू. खाडीचा खेकडा म्हणून जो विकला जातो तोही एकाच जातीचा नाही. मध्यंतरी कोल्हापूरच्या बाजारात घाटाखालून आलेल्या एका बाईच्या पाटीतील खेकडे आम्ही निरखून पाहिले. जात विचारता तिने सांगितले, ‘‘ही हिरवी, ही तांबडी, दोन्ही कुर्ल्याच, पण हिरवीचा दर वेगळा.’’ या साध्या उत्तरात जेवढे खरे होते, तेवढे पंडितांच्या ग्रंथांत पुष्कळ वर्षे नव्हते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याचा इतिहास थोडक्यात असा. फोर्स्कॉल नावाच्या विद्वानाने तांबड्या समुद्रातील अशा खेकड्याचे वर्णन केले, ते त्याच्या मृत्यूनंतर १७७५ साली प्रसिद्ध झाले; त्यावरून सायला सेराटा हे नाव चालत आले. पुढे १७९६ साली हर्ब्स्ट यांनी ऑलिव्हेशिया या जातीचे, आणि १७९८ साली फॅब्रिशियस यांनी तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या नावावरून ट्रँक्वेबारिका या जातीचे वर्णन केले. फिलिपाइन्स बेटांतील एस्टाम्पादोर यांनी १९४९ साली हे खेकडे चार प्रकारचे आहेत असे मांडले. परंतु १९६० साली स्टीफन्सन व कॅम्पबेल या दोघांनी ते सर्व एकाच जातीचे ठरविले, आणि जगभर बहुतेकांनी तेच मान्य केले. शेवटी १९९८ साली कीनन, डेव्ही व मान या तिघांनी शरीराची मापे आणि आनुवंशिक द्रव्याची परीक्षा या दोन्ही मार्गांनी शोध करून जाती चार आहेत हे सिद्ध केले: सेराटा, ट्रँक्वेबारिका, पॅरामॅमोसेन आणि ऑलिव्हेशिया.

हिंदुस्थानात यामुळे एक विलक्षण अडचण उत्पन्न झाली, आणि तीच आमच्या वाचकांस नीट समजून घ्यावयाची आहे. आपल्याकडील जुन्या लिखाणात मोठ्या हिरव्या खेकड्यास ट्रँक्वेबारिका आणि लहान तांबूस खेकड्यास सेराटा म्हणत असत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक परीक्षांवरून असे ठरले की, मोठा हिरवा तोच खरा सेराटा होय, आणि लहान तांबूस तो ऑलिव्हेशिया होय. म्हणजे जुन्या पुस्तकातील सेराटा लहान, तर नव्या पुस्तकातील सेराटा मोठा! जुने पत्रक वाचून कोणी सेराटाची पिल्ले नाकारील, तर तो नेमकी मोठी होणारी जात नाकारील. आणि विकणाऱ्याने जुन्या अर्थाने सेराटा म्हणून दिलेली पिल्ले नव्या अर्थाने समजून घेईल, तर लहान राहणारी जात पदरी पडेल. म्हणून केवळ नावावर व्यवहार करू नये. खेकडा हातात घेऊन खूण पाहावी, आणि मग नाव ठेवावे.

खेकडा हातात घेताना तो मागील बाजूने, पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेस धरावा. जिवंत खेकडे बाजारात नांग्या सुंभाने बांधून येतात, त्यामुळे तपासणीस भीती नाही. प्रथम नांगीचे भाग ओळखावेत. अंगाजवळ दंड, त्यापुढे आखूड सांधा तो मनगट, त्यापुढे फुगीर पंजा, आणि पंजाच्या टोकास दोन बोटे. त्यांतील एक स्थिर, एक हलते. एवढे ध्यानात आले म्हणजे पुढील चार खुणा सहज दिसतात.

पहिली खूण मनगटाची. मनगटाच्या बाहेरील कडेवर, पंजाकडच्या अर्ध्या भागात, मोठ्या हिरव्या खेकड्यास म्हणजे सेराटास दोन ठळक, टोकदार काटे असतात. बोट फिरविले तर टोचतात. तांबूस ऑलिव्हेशियाच्या त्याच जागी प्रौढपणी काटा नसतो. फार तर एखादा बोथट उंचवटा हातास लागतो. मनगटाच्या आतील कोपऱ्यावर जो एक मोठा काटा असतो तो दोघांसही असतो. तो मोजण्यात धरू नये. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते.

दुसरी खूण पंजाची. पंजाच्या वरच्या अंगास, हलत्या बोटाच्या सांध्यामागे, सेराटास मोठ्या काट्यांची जोडी असते. ऑलिव्हेशियात हे काटे झिजल्यासारखे, अगदी लहान असतात.

तिसरी खूण कपाळाची. दोन डोळ्यांच्या मध्ये कवचाच्या कडेस चार दाते असतात. सेराटाचे हे दाते उंच असून त्यांची टोके किंचित बोथट असतात, आणि दोन दात्यांमधील खाच खोल व गोलसर असते. ऑलिव्हेशियाचे दाते बुटके, गोलाकार असून त्यांमधील खाच उथळ असते. एक उंच दात्यांची करवत व दुसरी वापरून झिजलेली करवत शेजारी ठेवावी, तसा हा फरक दिसतो.

चौथी खूण नक्षीची. सेराटाच्या नांग्यांवर आणि सर्व पायांवर जाळ्यासारखी, अनेक कोनांच्या घरांची नक्षी उमटलेली असते; खेकडा धुऊन उन्हात धरला की ती स्वच्छ दिसते. ऑलिव्हेशियाच्या अंगावर अशी जाळी नसते.

उरलेल्या दोन जातींपैकी ट्रँक्वेबारिकास मनगटावर सेराटाप्रमाणेच दोन काटे असतात. परंतु त्याच्या कपाळाचे दाते मध्यम उंचीचे असतात, आणि नक्षी मुख्यतः मागच्या दोन जोड्यांच्या पायांवरच ठळक असते. पॅरामॅमोसेनच्या कपाळाचे दाते उंच आणि त्रिकोणी असतात, पण मनगटावरील काटे लोपलेले अथवा खुरटलेले असतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यवहारात सेराटा व ऑलिव्हेशिया या दोहोंचाच भेद मुख्यत्वेकरून कामास येतो; तथापि चारही खुणा माहीत असल्या म्हणजे वेगळा नमुना हाती आला तर गोंधळ होत नाही.

आता फसविणाऱ्या खुणांविषयी दोन शब्द. रंगावर पुष्कळांचा भरवसा असतो, आणि ढोबळ मानाने तो खोटाही नाही. सेराटा हिरवट ते काळपट असतो, ऑलिव्हेशिया तपकिरी असून त्याच्या नांग्यांवर नारिंगी-तांबूस छटा असते. परंतु चिखल, पाणी व कात टाकल्यापासूनचे दिवस यांप्रमाणे रंग पालटतो, म्हणून रंग हा साक्षीदार समजावा, न्यायाधीश समजू नये. आकाराचेही तसेच आहे. सेराटा दोन किलोंच्याही वर वाढू शकतो, ऑलिव्हेशिया क्वचितच एका किलोपलीकडे जातो. परंतु पाव किलोचा खेकडा पुढे ठेवला असता तो लहान जातीचा मोठा की मोठ्या जातीचा लहान, हे वजनकाटा सांगू शकत नाही. झडपेच्या आकारावरून तर जात मुळीच कळत नाही. पोटाखालची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर, रुंद व गोल असेल तर प्रौढ मादी, एवढाच त्याचा अर्थ.

अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, ही समजूतही जातीच्या ओळखीत मिसळू देऊ नये. खेकडा वाढताना जुने कवच टाकतो. नवे कवच मोठे असते आणि आत मांस थोडे, पाणी फार असते. असा खेकडा कोणत्याही जातीचा असो, पोकळच भरतो. विकत घेताना खालच्या बाजूस, मागच्या पायाजवळ, अंगठ्याने दाबून पाहावे; कवच दबले तर तो पोकळ समजावा. ही भरण्याची परीक्षा झाली. जातीची परीक्षा वरील चार खुणांनीच करावयाची.

या भेदाने पैशाचा फरक कसा पडतो ते पाहू. समजा एका गृहस्थाने कांदळवनाच्या कडेस जाळीचे कुंपण घालून एक हजार पिल्ले सोडली, आणि ती खाडीतून गोळा केलेली असल्यामुळे दोन्ही जातींची मिश्र निघाली. खाद्य सर्वांस सारखेच पडणार, मजुरी सारखीच लागणार. सेराटा वाढत जाईल. ऑलिव्हेशियाच्या माद्या मात्र लहान आकारातच प्रौढ होतात आणि त्यापुढे त्यांची वाढ जवळजवळ थांबते. खेकड्याचा दर तर नगाच्या वजनाप्रमाणे चढतो. मोठ्या नगास किलोमागेही अधिक पैसे मिळतात. म्हणजे लहान जातीवर खर्च तेवढाच होऊन उत्पन्न दोन्ही अंगांनी घटते. त्यातच खेकडा हा आपल्याच भावंडांस खाणारा प्राणी आहे. कुंपणात लहानमोठे एकत्र वाढू लागले की कात टाकून मऊ झालेला लहान खेकडा मोठ्याच्या तोंडी जातो. शिवाय ऑलिव्हेशियास बीळ करण्याची सवय अधिक असल्यामुळे बांधाची राखणही वाढते.

यावरून ऑलिव्हेशिया ही टाकाऊ जात आहे असे मात्र कोणी समजू नये. तिचे मांस चवदार असते. पोकळ खेकडे विकत घेऊन त्यांस तीन-चार आठवडे खाऊ घालून भरावयाचे आणि विकावयाचे, या अल्प मुदतीच्या धंद्यास ती चांगली उपयोगी पडते, कारण तेथे वाढीची नव्हे तर भरण्याची वाट पाहावयाची असते. दोष जातीचा नसतो. एका कामास योग्य असलेली जात दुसऱ्या कामास लावल्याचा असतो. पहाडी जातीचे बैल सखल रानातील मोटेस जुंपले आणि मग त्यांस आळशी म्हटले, तर त्यात बैलांचा अपराध कोणता?

पिल्ले घेताना एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते. ऑलिव्हेशियाच्या प्रौढ खेकड्यास मनगटाच्या बाहेरील कडेवर काटा नसतो असे आम्ही वर सांगितले; परंतु त्याच्या पिल्लांत त्या जागी काटेरी टोक आढळू शकते. केवळ मनगट पाहून निर्णय केल्यास तांबड्या जातीची पिल्ले हिरव्या जातीची वाटून फसगत होईल. याकरिता पिल्लांच्या बाबतीत कपाळाचे दाते अवश्य पाहावेत, भिंग वापरावे, आणि एका-दोन पिल्लांवर न थांबता टोपलीतील निरनिराळ्या थरांतून निदान पंचवीस-तीस नग काढून तपासावेत. निदान दोन खुणा एकमेकींशी जुळल्या तरच जात ठरवावी. न जुळल्यास तो नग बाजूस ठेवावा. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे उबवणी केंद्रातील पिल्ले घेणे, कारण तेथे आईची जात माहीत असते. तामिळनाडूत शिर्काळीजवळ राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने अशी पिल्ले तयार करण्याचे काम केले आहे. रत्नागिरीस १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. धंद्यात उतरण्यापूर्वी तेथील जाणत्यांचा सल्ला घेण्यास कमीपणा मानू नये.

आणखी एका मोहापासून आमच्या शिरोळकडील बांधवांस सावध करणे अवश्य आहे. अतिपाण्याने तिकडील पुष्कळ जमिनी खारवटल्या आहेत. खारे पाणी आहेच, मग त्यात खाडीचे खेकडे का सोडू नयेत, असा विचार मनात येतो. परंतु खारटपणा म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राच्या पाण्यात निरनिराळ्या क्षारांचे जे परस्पर प्रमाण असते, ते आपल्या चोपण जमिनीतून झिरपलेल्या पाण्यात नसते; आणि खेकड्यास प्रत्येक वेळी नवे कवच बांधण्याकरिता त्या क्षारांची गरज असते. पाण्याची परीक्षा करविल्यावाचून आणि थोडक्या नगांवर अनुभव घेतल्यावाचून कोणी कर्ज काढून हा प्रयोग करू नये. तेथे निचऱ्याच्या नळ्या घालून जमीन सुधारणे हाच आजही पहिला उपाय आहे.

वरील सर्व विवेचनाचे सार एवढेच की, खेकड्याची जात त्याच्या रंगात, वजनात अथवा विकणाऱ्याच्या तोंडात नसते. ती त्याच्या मनगटावर, पंजावर, कपाळावर आणि पायांच्या नक्षीत लिहिलेली असते. पुढल्या खेपेस बाजारात खेकडे घेण्याचा योग आला म्हणजे आमच्या वाचकांनी नांगीवरून बोट फिरवून काटे मोजून पाहावेत. पाच-दहा खेकडे असे तपासले की हात आपोआप बसतो. घरच्या कालवणाकरिता चार खेकडे घेताना चूक झाली तर फारसे बिघडत नाही. म्हणून ही विद्या तेथेच शिकून घ्यावी, म्हणजे ज्या दिवशी हजार पिल्लांचे पैसे मोजावयाचे असतील त्या दिवशी ती हाताशी असेल.